भूक ओली होते की धारदार?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. नववीतल्या एका विद्यार्थ्याने होळीच्या सणावर निबंध लिहिला होता. कटाच्या आमटीला फोडणी बसली आणि त्या वासाने आपली भूक चाळवली, हे सांगताना त्याने 'ॲपेटाइट' या नामाआधीचे क्रियापद डब्ल्यू-ई-टी, म्हणजे 'ओले करणे' या अर्थाच्या स्पेलिंगने लिहिले. मी लाल शाईने मध्ये एच घातला. त्यावर तो म्हणाला, "बाई, वासानं तोंडाला पाणी सुटतं, मग ओलंच होणार ना? एच कशाला?" एच लागतो एवढे मला माहीत आहे, का लागतो, हे मात्र मला त्याला सांगता आले नाही. या क्रियापदाचा नेमका अर्थ काय, ते आणखी कुठे वापरता येते आणि मराठीत त्याला काय म्हणावे? (एक शिक्षिका, सांगली जिल्हा)

उत्तर : आपण घातलेला एच योग्यच आहे, आणि तरीही आपल्या विद्यार्थ्याला चुकीबद्दल शिक्षा न करता त्याच्या प्रश्नाबद्दल शाबासकी द्यावी, असे मी सुचवीन. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशी असंख्य माणसे हीच चूक करतात, पण ती बहुधा केवळ कानाला सारखे ऐकू येते म्हणून करतात. आपल्या विद्यार्थ्याने चुकीमागे कारण दिले आहे, आणि ते कारण अस्सल मराठी आहे.

पुढे जाण्यापूर्वी लेखनाची एक अडचण सोडवून घेतो. देवनागरीत 'वेट' असे लिहिले, तर त्यातून वजन, वाट पाहणे आणि ओले करणे असे तीन इंग्रजी शब्द वाचता येतात, आणि 'व्हेट' असे लिहिले, तर कचेरीत मसुदा 'व्हेट' करतात तो चौथाच शब्द समोर येतो. म्हणून आपल्या एचवाल्या क्रियापदाला या उत्तरात मी 'ह्वेट' असे लिहिणार आहे. हे केवळ सोयीसाठी नाही. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचे रूप 'ह्वेत्तन' असे होते आणि त्यात एच हे अक्षर डब्ल्यूच्या ध्वनीच्या आधी लिहिले जात असे. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात लेखनिकांनी ही जोडी उलटी लिहायला सुरुवात केली, आणि 'ह्व'चा डब्ल्यू-एच झाला. आज इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या बहुतेक भागांत हा एच उच्चारात उरलेला नाही. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील अनेकांच्या तोंडी तो अजून ऐकू येतो. आपल्या विद्यार्थ्याला एच ऐकू आला नाही, यात त्याच्या कानांचा दोष नाही.

'ह्वेट' या क्रियापदाचा मूळ अर्थ 'धार लावणे' हा आहे. कोयता, सुरी, वस्तरा अशी पात्याची वस्तू दगडावर घासून तिखट करणे, ही त्यामागची क्रिया. तेव्हा इंग्रजी वाक्यात भूक ओली होत नाही, तिला धार लागते. बोथट झालेल्या सुरीप्रमाणे भूकही बोथट होते, आणि पुढ्यात आलेल्या पहिल्या घासाने किंवा नुसत्या वासाने ती पुन्हा तिखट होते, असे ते रूपक आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांतील इंग्रजीत तर जेवणापूर्वी घेतलेल्या घोटभर मद्याला किंवा चटकदार तुकड्याला नाम म्हणूनच 'ह्वेट' म्हणत. आपल्याकडे पानावर बसण्याआधी आल्याचा तुकडा मीठ लावून देतात, त्याच कामाची ही वस्तू.

परंतु धार लावण्याचा हा अर्थही या शब्दाच्या तळाशी नाही, आणि मला या उत्तरात मुख्यतः जे सांगायचे आहे ते इथेच आहे. 'ह्वेत्तन'चा जुन्या जर्मानिक भाषांतील गोतावळा पाहिला, तर 'तिखट' या अर्थाला लागूनच 'धीट', 'तडफदार' हे अर्थ आढळतात, आणि त्याच्या जुन्या नॉर्स भावंडाचे 'धार लावणे' आणि 'चेतवणे' असे दोन्ही अर्थ होतात. व्युत्पत्तिकार या शब्दाचे मूळ जिथे नेऊन पोहोचवतात, तिथे त्याला एक संस्कृत धातूही भेटतो. तो आहे 'चुद्', म्हणजे प्रवृत्त करणे, पुढे ढकलणे. गायत्री मंत्राच्या शेवटच्या चरणात 'धियो यो नः प्रचोदयात्' असे आपण म्हणतो, त्यातले 'प्रचोदयात्' याच धातूचे. आमच्या बुद्धीला प्रेरणा देवो, असा त्याचा अर्थ आपण मुंजीत शिकतो; आमच्या बुद्धीला धार लावो, असे कोणी म्हटले तरी मुळाशी फारशी प्रतारणा होणार नाही.

हे ध्यानात ठेवले म्हणजे या क्रियापदाचे जुने इंग्रजी प्रयोग चटकन उलगडतात. शेक्सपिअरच्या 'ज्यूलिअस सीझर' या नाटकात दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ब्रूटस म्हणतो की, कॅशसने मला सीझरविरुद्ध प्रथम 'ह्वेट' केले, तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. इथे भूक नाही, सुरीही अजून बाहेर आलेली नाही; चिथावलेला माणूस आहे. पाते आणि माणूस दोघांनाही एकच क्रियापद लागू पडते, कारण दोघांच्याही बाबतीत जे आधीच आत आहे तेच तीव्र केले जाते.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या पाण्याकडे येतो. धार लावण्याच्या दगडाला इंग्रजीत 'ह्वेटस्टोन' म्हणतात, आणि गंमत अशी की, या दगडाचे नावही लोक पुष्कळदा एच गाळून लिहितात; कारण तो वापरताना त्यावर पाणी शिंपडतात, मग तो ओला दगड नव्हे तर काय? घरच्या विळीचे पाते दगडावर घासताना आपण हे पाहिलेले असते. कोरड्या दगडावर पाते नुसते करकरते आणि झिजलेल्या लोखंडाची भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते. दोन थेंब पाणी टाकले की ती भुकटी करड्या चिखलासारखी वर येते, दगड पुन्हा पकड घेतो आणि पाते सरसर चालू लागते. पाणी कामाचे असते, पण नाव पाण्यावरून पडलेले नाही. काही कारागीर तर पाण्याऐवजी तेल वापरतात.

दारावर येणारा धारवाला मात्र बहुधा पाण्याच्या भानगडीत पडत नाही. तो सायकल स्टँडवर चढवतो, पॅडल मारत हँडलजवळचे चाक फिरवतो आणि कात्रीचे एकेक पाते ठिणग्यांच्या फवाऱ्यात धरतो. काम झाल्यावर तो अंगठ्याच्या नखावर पाते हलकेच टेकवून पाहतो; ते घसरले तर पुन्हा चाकावर, रुतले तर पैसे मागायला मोकळा. त्या चाकाला पूर्वी आपल्याकडे कुरुंदाचा दगड लागत असे. 'कुरुंद', संस्कृतात 'कुरुविंद', हाच शब्द तमिळमार्गे इंग्रजीत जाऊन 'कोरंडम' झाला, आणि १८९०च्या दशकात एडवर्ड ॲचेसन या अमेरिकी संशोधकाने भट्टीत बनवलेल्या नव्या घर्षक पदार्थाला कार्बन आणि कोरंडम यांच्या जोडातून 'कार्बोरंडम' हे नाव दिले. हार्डवेअरच्या दुकानात आपण कार्बोरंडमचा दगड मागतो, तेव्हा आपलाच शब्द सातासमुद्रापलीकडून परत विकत घेत असतो.

आणि तरीही मराठीत धारेचा पाण्याशी संबंध आहेच, म्हणून आपल्या विद्यार्थ्याचा तर्क मला पूर्णपणे खोडून काढवत नाही. लोहार कोयता भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतो, त्याला आपण 'पाणी पाजणे' म्हणतो. त्या बुडवण्याने लोखंड टणक होते आणि धार टिकते. तलवार 'पाणीदार' असते, आणि माणूसही. म्हणजे मराठीत पात्याला पाणी पाजतात आणि वासाने तोंडाला पाणी सुटते, तर इंग्रजीत भुकेला धार लावतात. एवढ्या सामग्रीवर नववीतल्या मुलाने 'ओले करणे' निवडले, तर त्याने मराठीत विचार केला एवढाच त्याचा अर्थ होतो.

भुकेबद्दल बोलताना आपण मात्र पात्याकडे वळत नाही, अग्नीकडे वळतो. जठराग्नी प्रदीप्त होतो, भूक भडकते, पोटात आगडोंब उसळतो. असे असूनही, आयुर्वेदाने अग्नीचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत सम, विषम आणि मंद यांच्याबरोबर चौथा 'तीक्ष्ण' आहे, आणि तीक्ष्ण हे विशेषण तर पात्याचे. याचे नवल वाटू नये. 'तीक्ष्ण' आणि 'तेज' हे दोन्ही शब्द 'तिज्' या एकाच धातूपासून आले आहेत, त्याचा अर्थ धार लावणे असा आहे, आणि संस्कृतात 'तेजस्' म्हणजे शस्त्राची धार, तसेच ज्वाळेचे टोक. मराठीनेही हा संसार मोडलेला नाही. 'पाजळणे' हे एकच क्रियापद आपण दिव्याला वापरतो आणि तलवारीलाही. (अक्कल पाजळणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे ना उजेड पडतो, ना धार येते.)

वापराबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्याला ते वर्गात उपयोगी पडेल. आजच्या इंग्रजीत खऱ्याखुऱ्या सुरीसाठी 'ह्वेट' फार क्वचित आढळते. तिथे 'शार्पन' हेच रोजचे क्रियापद आहे. 'ह्वेट' उरले आहे ते अमूर्त गोष्टींपुरते, आणि त्याची कर्मे जवळजवळ ठरलेली आहेत : भूक, कुतूहल, रस, इच्छा, लालसा. भूक ही केवळ अन्नाची असावी असेही नाही. प्रवासाची, सत्तेची, पुस्तकांची भूकही चालते, आणि तेव्हा तिच्यामागून 'फॉर' हे शब्दयोगी अव्यय येते. कर्माशिवाय हे क्रियापद उभे राहत नाही. भूतकाळी रूपात टी दोनदा येतो.

याहून महत्त्वाची आहे ती त्यातली अर्थच्छटा. 'ह्वेट' केलेली भूक भागलेली नसते. थोडेसे देऊन अधिकाची ओढ लावणे, हा या क्रियापदाचा गाभा आहे. नाटकाच्या जाहिरातीतील दोन मिनिटांचा प्रवेश प्रेक्षकाचे कुतूहल 'ह्वेट' करतो, तीन अंकांचा प्रयोग करत नाही. विद्यार्थी जेव्हा "जेवणाने माझी भूक ह्वेट केली" असे लिहितात आणि त्यांना पोट भरले असे म्हणायचे असते, तेव्हा स्पेलिंग बरोबर असूनही वाक्य चुकते. आपल्या विद्यार्थ्याच्या वाक्यात पुरणपोळी अजून तव्यावर होती आणि आमटीचा फक्त वास आला होता, म्हणून क्रियापदाची निवड अगदी चोख आहे. उणा होता तो केवळ एच.

मराठीत त्याला काय म्हणावे, याचे उत्तर आपल्या पत्रातच आहे. आपण 'भूक चाळवली' असे लिहिले आहे, आणि त्याहून नेमका शब्द मला सुचत नाही. कुतूहल चाळवते, जिज्ञासा चाळवते, इच्छा चाळवते. 'चाळवणे'तही पुरे न करता हलवून जागे करण्याचा भाव आहे. 'उत्सुकता वाढवणे' हे चालेल, पण ते जरा पुस्तकी आणि फिके आहे. शब्दकोश उघडून 'भुकेला धार लावली' असे भाषांतर करणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. ते शब्दाला शब्द ठेवल्याने मराठी होत नाही. बुद्धीला धार लावणे, लेखणीला धार येणे, आवाजाला धार असणे, हे सारे आपले आहे. भुकेची धार आपली नाही.

एका ठिकाणी एच न घालणेच योग्य, हेही जाता जाता सांगायला हवे. घसा ओला करणे, म्हणजे काहीतरी पिणे, यासाठी इंग्रजीत एक जुना वाक्प्रचार आहे. त्यात गळ्याला गमतीने 'व्हिसल', म्हणजे शिटी, म्हटले आहे, आणि तिथले क्रियापद साधे 'ओले करणे' हेच आहे. 'ह्वेट'च्या प्रभावाने तिथेही लोक एच घालतात आणि शिटीला धार लावून बसतात. मीही या प्रकरणात स्वच्छ नाही. मुद्रितशोधनाच्या उमेदवारीच्या काळात एका खाद्यमहोत्सवाच्या इंग्रजी पत्रकात मी भुकेआधीचा बरोबर असलेला एच काढून टाकला होता, आणि पत्रक छापून वाटले गेल्यावर एका वयस्कर गृहस्थांनी मला बोलावून, न रागावता, शब्दकोशाचे पान पुढे सरकवले होते. आपण लाल शाई वापरण्यापूर्वी थांबला नाहीत, हे बरे झाले. मी थांबायला हवे होते.

प्रश्न : आमच्या कार्यालयात करारनाम्याचा इंग्रजी मसुदा विधी शाखेकडे जाऊन येतो. परत आलेल्या एका टिपणीवर मसुदा 'ड्युली ह्वेटेड' झाल्याचा, म्हणजे डब्ल्यू-एच लिहिलेला, शेरा होता. वरिष्ठ म्हणतात, ते बरोबर आहे. खरे काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : वरिष्ठांचा मान राखून सांगतो की, तिथे व्ही-ई-टी हवे. मसुदा तपासून त्यातील दोष काढणे, या अर्थाचे हे क्रियापद पशुवैद्याला इंग्रजीत म्हणतात त्या 'व्हेटरिनरी' या लांबलचक शब्दाचा आखूड केलेला तुकडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते घोड्यासारख्या जनावराची वैद्याकडून तपासणी करून घेण्याबद्दल वापरले जाऊ लागले, आणि मग माणसांची व कागदांचीही तपासणी त्यात आली. मराठीच्या एकाच 'व'मध्ये इंग्रजीचे व्ही आणि डब्ल्यू दोन्ही सामावतात, त्यामुळे आपल्या कानाला हा फरक जाणवत नाही आणि हाताकडून ही चूक होते. विधी शाखेने मसुद्याला धार लावून पाठवला असेल, तर ती गोष्ट निराळी. पण तसे टिपणीवर कोणी लिहीत नाही. मराठी टिपणीत 'तपासून दिला' एवढे पुरते.

प्रश्न : 'होन' या क्रियापदाचाही अर्थ धार लावणे असाच आहे ना? मग त्यात आणि 'ह्वेट'मध्ये फरक काय? शिवाय एखाद्या मुद्द्यावर नेमके येऊन पोहोचणे यासाठी काही जण 'होन इन' म्हणतात, काही 'होम इन'. (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : फरक कर्मात आहे. 'ह्वेट' इच्छेला लागते, 'होन' कौशल्याला. इंग्रजीत भाषा, आवाज, फलंदाजी, युक्तिवाद 'होन' करतात, आणि त्यात दीर्घ काळ चाललेल्या बारीक सुधारणेचा भाव असतो. स्वयंपाकघरातही हा बारकावा पाळला जातो : चाकावर लोखंड झिजवून नवी धार काढली तर ते 'शार्पन', आणि जुन्याच धारेची वळलेली कड लोखंडी सळईवर दोन-चार वेळा घासून सरळ केली तर ते 'होन'. मराठीत कौशल्यासाठी 'घासूनपुसून लख्ख करणे', 'पैलू पाडणे' किंवा गवयाच्या बाबतीत सरळ 'गळा तयार करणे' म्हणावे.

'होन' हे मुळात दगडाचे नाव आहे, क्रियापद पुष्कळ नंतरचे. त्याचे जुने इंग्रजी रूप 'हान', आणि त्याचा संबंध संस्कृतातील 'शाण' या शब्दाशी जोडला जातो. शाण म्हणजे धार लावण्याचा दगड. इंग्रजीतील 'ह' आणि संस्कृतातील 'श' यांची अशी जोडी ठिकठिकाणी दिसते : 'हंड्रेड' आणि शत, 'हॉर्न' आणि शृंग, 'हाउंड' आणि श्वान. हिंदीत शाणाचे 'सान' झाले. मराठीत कोशकार त्याच्याशी जोडतात तो शब्द आपल्या देवघरात आहे : सहाण. शाणावर शस्त्र झिजते, सहाणेवर चंदनाचे खोड झिजते. पाणी दोन्हीकडे लागते.

लॅटिनमध्ये अशा दगडाला 'कोस' म्हणत आणि तोही याच कुळातला. यावरचा एक जुना श्लेष सांगण्याचा मोह आवरत नाही. वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७मध्ये बीजगणितावर पुस्तक काढले आणि त्याचे नाव 'द ह्वेटस्टोन ऑफ विट', म्हणजे बुद्धीला धार लावणारा दगड, असे ठेवले. त्या काळी अज्ञात राशीला इटालियन भाषेत 'कोसा', म्हणजे वस्तू, म्हणत, आणि त्यावरून बीजगणिताला 'कोस' हे नाव रूढ झाले होते. तेव्हा लॅटिनचा दगड आणि इटालियनची वस्तू यांवर रेकॉर्डने कोटी केली. बरोबरीचे चिन्ह, दोन समांतर आडव्या रेघांचे, छापील स्वरूपात प्रथम याच पुस्तकात आले.

'होम इन' हे मूळ आणि निर्दोष. घराकडे अचूक परतणाऱ्या कबुतरांसाठी 'होमिंग' हा शब्द होता, पुढे रेडिओच्या संकेतावर रोख धरून येणाऱ्या विमानांसाठी तो आला, आणि तिथून मुद्द्यावर नेमके येणे हा अर्थ निघाला. 'होन इन' ही त्याची विसाव्या शतकातील कानगोष्ट. काही अमेरिकी कोशांनी तिची नोंद घेतली आहे, पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि नोकरीच्या अर्जात तिच्यापासून दूर राहावे.

प्रश्न : पेन्सिलीसाठी यांपैकी कोणते क्रियापद? (एक विद्यार्थी, इयत्ता सातवी, रत्नागिरी)

उत्तर : फक्त 'शार्पन'. पेन्सिल ना 'ह्वेट' होते, ना 'होन'. कारण ती दोन्ही क्रियापदे दगडावर घासण्यातून आली आणि पेन्सिल पात्याने सोलली जाते. इंग्रजीत टोक आणि धार या दोघांनाही 'शार्प' एवढा एकच शब्द पुरतो. मराठीत मात्र चाकूला धार लावतात आणि पेन्सिलीला टोक काढतात. "पेन्सिल शार्प कर" असे वर्गात सगळेच म्हणतात, तूही म्हणत असशील. घरी आजीला "टोक काढून दे" असे म्हणून पाहा, ती विळीवर काढून देईल.